सहायक प्राध्यापकपदासाठी आणि पोस्ट-डॉकसाठी एकच सीव्ही चालेल का?

रानजाई (नाशिक) :

नमस्कार. मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली असून माझा प्रबंध द्राक्षावर केवडा रोग पाडणाऱ्या रोगकारकावर आहे. त्यासाठी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील बागांमधून तीन हंगाम नमुने गोळा केले होते. सेट ही राज्यस्तरीय अध्यापक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे. पदवीला ७२ टक्के आणि पदव्युत्तरला ६८ टक्के गुण आहेत. शहरातील दोन महाविद्यालयांत मिळून चार शैक्षणिक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. सध्या माझ्यासमोर दोन अर्ज आहेत. एक अनुदानित महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाचा असून त्याच्या जाहिरातीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीचा उल्लेख आहे. दुसरा युरोपातील एका प्रयोगशाळेतील पोस्ट-डॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदाचा आहे.

माझा सीव्ही नऊ पानांचा झाला आहे. त्याचा मूळ साचा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कॉलेज रोडवरील एका झेरॉक्सच्या दुकानातून घेतला होता आणि नंतर त्यातच भर घालत गेले. मधल्या काळात मावशीने त्याच फाईलवरून माझा लग्नाचा बायोडाटा तयार केला, आणि कोणती फाईल कोणती याचा असा काही गोंधळ झाला की परवा अर्ज भरताना तिसऱ्या पानावर ‘उंची’ आणि ‘रक्तगट’ हे दोन रकाने अजून तसेच आहेत, हे माझ्या लक्षात आले. मागच्या वर्षी एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले असता विषयतज्ज्ञांनी सहाव्या पानापर्यंत पाने उलटली आणि मग मलाच विचारले, ‘‘तुमच्या प्रबंधाचा विषय यात नेमका कुठे लिहिला आहे?’’ तो सातव्या पानावर होता.

माझ्या शंका अशा. दोन्ही अर्जांना एकच सीव्ही द्यावा की दोन वेगळे करावेत? तासिका तत्त्वावरील काम ‘अनुभव’ या शीर्षकाखाली लिहिता येते का, आणि येत असल्यास कसे? आईच्या आजारपणामुळे माझे एक पूर्ण वर्ष काहीही न करता गेले. ते दाखवावे की झाकावे? माझे तीन शोधनिबंध आहेत, परंतु त्यांतील एक ज्या नियतकालिकात आला, ते पैसे भरून आठ दिवसांत काहीही छापणारे आहे, हे मला नंतर कळले. तो निबंध यादीत ठेवावा का? आणि २०२० च्या टाळेबंदीत मिळवलेली वेबिनारांची एकतीस प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. त्यांचे काय करावे?

खडूफळा :

रानजाई मॅडम, आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि नोकरीच्या काळात विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवर बराच बसलो आहे. सातव्या पानावरचा तो प्रसंग वाचून मला हसू आले नाही, कारण पाने उलटत राहणारा तो माणूस अनेकदा मीच होतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की महाविद्यालयाकडे गेलेला आपला सीव्ही दोन वेगळे वाचक दोन वेगळ्या कारणांसाठी वाचतात. पहिली वाचक म्हणजे छाननी समिती. तिच्यासमोर गुणांकनाचा तक्ता असतो, हातात पेन्सिल असते, आणि आपल्या प्रत्येक दाव्यापुढे कागद जोडला आहे की नाही एवढेच तिला पाहायचे असते. दुसरा वाचक म्हणजे विषयतज्ज्ञ. त्याला बहुतेक वेळा आपली फाईल मुलाखतीच्या टेबलावरच प्रथम दिसते आणि आपण दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत जेवढे वाचून होईल तेवढ्यावरच तो पहिला प्रश्न ठरवतो. पहिल्या वाचकाला आकडे, तारखा आणि जोडपत्रांचे क्रमांक हवे असतात, तर दुसऱ्याला आपण नेमके कशावर काम केले हे दोन ओळींत हवे असते. या दोघांचेही समाधान पहिल्या पानावर झाले पाहिजे. पुढची पाने खातरजमेसाठी असतात.

आता तक्त्याकडे येऊ. आपल्या जाहिरातीत २०१८ च्या नियमावलीचा आधार आहे असे आपण लिहिता, म्हणून महाविद्यालयांसाठीच्या तक्त्याने आपले गुण मोजून दाखवतो. पदवीला ६० ते ८० टक्क्यांच्या गटात १९ गुण, पदव्युत्तरला त्याच गटात २३, पीएच.डी.ला २५ आणि सेटला ५. समकक्ष परीक्षित (म्हणजे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेऊन छापणाऱ्या) नियतकालिकांतील शोधनिबंधांना प्रत्येकी २ आणि जास्तीत जास्त ६, तर अध्यापनाच्या किंवा पोस्ट-डॉकच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. दोन निबंध धरले तर ४ आणि चार वर्षांचा अनुभव पूर्ण धरला तर ८, अशी आपली बेरीज ८४ होते. अनुभव अजिबात धरला नाही तर ती ७६ वर येते. म्हणजे आपल्या बाबतीत सर्वांत मोठा फरक अनुभवाच्या रकान्यामुळे पडणार आहे, आणि नऊ पानांत तोच रकाना सर्वांत मोघम लिहिलेला असावा, अशी मला दाट शंका आहे. वेबिनारांच्या प्रमाणपत्रांसाठी या तक्त्यात एकही गुण नाही. विद्यापीठांतील पदांसाठीचा तक्ता वेगळा आहे, तिथे पीएच.डी.ला ३० आणि सेटला ३ गुण आहेत, त्यामुळे एका ठिकाणी काढलेली बेरीज दुसऱ्या अर्जात जशीच्या तशी उतरवू नये. जाहिरातीसोबत संस्थेने स्वतंत्र तक्ता दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

२०१८ च्या त्या नियमावलीप्रमाणे हे गुण केवळ मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी आहेत. त्यामुळे यादीत वर यावे म्हणून जे लिहाल, त्यातील प्रत्येक ओळीबद्दल नंतर समोरासमोर उत्तर द्यावे लागते. आपल्या तिसऱ्या निबंधाचा विचार मी याच अंगाने करेन. तो यादीत ठेवला तर कदाचित दोन गुण मिळतील. परंतु मुलाखतीत कोणी त्या नियतकालिकाचे नाव मोठ्याने वाचले आणि ‘‘याचे परीक्षण कोणी केले, त्यांच्या सूचना काय होत्या?’’ असे विचारले, तर त्या दोन गुणांसाठी आपले उरलेले दोन चांगले निबंधही संशयात येतील. आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केल्यापासून ‘यादीत आहे, म्हणून चालेल’ हा सोपा आधारही उरलेला नाही. नियतकालिक कसे आहे हे आता उमेदवाराने स्वतः पटवून द्यावे लागते. मी आपल्या जागी असतो तर तो निबंध वगळला असता. मात्र जिथे अर्जाच्या नमुन्यात ‘सर्व प्रकाशने नमूद करावीत’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तिथे तो समकक्ष परीक्षित निबंधांत न घालता ‘इतर प्रकाशने’ या शीर्षकाखाली लिहावा.

निबंधांची नोंद करताना लेखकांची नावे छापलेल्या क्रमानेच लिहावीत आणि आपले नाव ठळक करावे. आपण दुसऱ्या क्रमांकावर असाल तर दुसऱ्याच क्रमांकावर राहावे. पाच लेखकांतील चौथी व्यक्ती स्वतःचे नाव पहिले टाकते आणि बाकीच्यांना ‘व इतर’ करून टाकते, हे मी कितीतरी सीव्हींत पाहिले आहे, आणि मूळ निबंध उघडायला हल्ली अर्धा मिनिटही लागत नाही. नियतकालिकाचे पूर्ण नाव, वर्ष, खंड, पृष्ठे, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) आणि डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) लिहावा. जो निबंध अजून छापून आलेला नाही, त्याची स्थिती प्रामाणिकपणे लिहावी : ‘पाठवला’, ‘परीक्षणाधीन’ आणि ‘स्वीकृत’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वीकृतीचे पत्र हाती नसेल तर ‘स्वीकृत’ हा शब्द वापरू नये. परिषदेत वाचलेला निबंध आणि नियतकालिकात छापलेला निबंध हेही एकाच यादीत मिसळू नयेत.

पीएच.डी.च्या ओळीत प्रबंधाचे शीर्षक, विद्यापीठ, संशोधन केंद्र, मार्गदर्शकांचे नाव आणि विद्यापीठाने पदवी जाहीर केल्याच्या अधिसूचनेची तारीख असावी. पुष्कळ उमेदवार मौखिक परीक्षेची तारीख लिहितात आणि प्रमाणपत्रावर दुसरीच तारीख असते, मग छाननीत तिथे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह पडते. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उपलब्ध असेल तर त्याचा दुवा अवश्य द्यावा.

वेबिनारांची एकतीस प्रमाणपत्रे घरीच ठेवावीत. टाळेबंदीत प्रश्नमंजूषेचे दहा पर्याय टिचकावले की प्रमाणपत्र ई-मेलने घरपोच येत असे, हे समितीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्यापैकी अनेकांनी ती स्वतः वाटलीही आहेत. आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली एखादी आठवडाभराची कार्यशाळा असेल, जिच्यात आपण सूक्ष्मदर्शकाचे किंवा डीएनए विश्लेषणाचे काही तंत्र प्रत्यक्ष शिकलात, तर तेवढी लिहावी.

गेलेल्या वर्षाबद्दल एकच सांगतो. तारखा सलग दाखवण्यासाठी त्या ओढूनताणून जुळवू नयेत. ‘कौटुंबिक वैद्यकीय कारणास्तव खंड’ एवढी एक ओळ आणि महिने लिहावेत. कोणी विचारले तर एका वाक्यात सांगावे. कोणत्याही समजूतदार माणसाने पुढे विचारू नये, आणि विचारलेच तर त्यात आपला दोष नाही.

तासिकेवरची_मास्तरीण :

रानजाई ताई, मी मराठीची आहे, त्यामुळे बुरशीतले मला काही कळत नाही. पण तासिका तत्त्वावर मी सात वर्षे काढली आहेत, म्हणून अनुभवाच्या रकान्याबद्दल लिहिते. खडूफळा सरांनी आठ गुणांचा फरक दाखवला आहे, तो प्रत्यक्षात कसा पडतो ते पाहा.

‘२०१९ ते २०२३, सहायक प्राध्यापक’ असे लिहू नका. त्या ओळीत दोन चुका आहेत. पदाचे नाव नियुक्तिपत्रावर जसे आहे तसेच लिहावे, म्हणजे ‘सहायक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर)’ असे. हा कंस लिहिण्याची आपल्याला लाज वाटते, हे मी स्वतःवरून सांगू शकते, परंतु अनुभव प्रमाणपत्रावर तो शब्द असतोच, आणि तो सीव्हीत नसेल तर वाचणाऱ्याला तुम्ही लपवाछपवी करत आहात असे वाटते. दुसरी चूक तारखांची. आपली नेमणूक शैक्षणिक वर्ष संपले की संपते आणि पुढच्या वर्षी नव्या आदेशाने सुरू होते. समजा एका वर्षीचा आदेश ऑगस्ट ते मार्च असा असेल, तर ते आठ महिने झाले. एक वर्षापेक्षा कमी अनुभवाला गुण त्या प्रमाणात कमी होतात, अशी त्या तक्त्याखालीच टीप आहे, तेव्हा चार शैक्षणिक वर्षांचे आठ गुण गृहीत न धरता प्रत्येक आदेशाची ‘पासून–पर्यंत’ तारीख वेगळ्या ओळीत लिहा आणि शेवटी एकूण महिन्यांची बेरीज द्या. ही बेरीज आपण केली नाही तर छाननी करणारा ती करेल, आणि तो घाईत असेल.

त्याच ओळींच्या पुढे कोणत्या वर्गाला काय शिकवले, आठवड्याला किती तास आणि किती प्रात्यक्षिके घेतली, हे लिहा. ‘पदवी वर्गांना अध्यापन’ यातून काहीच कळत नाही. ‘टीवायबीएस्सीला वनस्पतिरोगशास्त्र, आठवड्याला चार तास आणि दोन प्रात्यक्षिके’ यातून उद्या ही बाई आल्यावर कोणता कार्यभार उचलू शकेल, हे विभागप्रमुखाला लगेच समजते, आणि खरे सांगायचे तर त्याला त्याचीच चिंता असते. नेमणुकीला स्थानिक निवड समिती होती का आणि विद्यापीठाची मान्यता मिळाली होती का, हेही नमूद करा. मान्यतापत्र असेल तर त्याचा क्रमांक आणि दिनांक द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यापैकी कितीतरी जणींना नडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर नाव आधी, सेटच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, पहिला निबंध माहेरच्या नावाने आणि दुसरा सासरच्या नावाने, असे झाले असेल तर सीव्हीच्या पहिल्याच पानावर नावाखाली एका ओळीत ‘पूर्वीचे नाव’ लिहा आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. माझ्या एका निबंधावरील नाव आणि अर्जावरील नाव वेगळे असल्यामुळे तो निबंध माझा नाही, असे एका ठिकाणी गृहीत धरले गेले होते. मी तोवर दोन मुलाखती देऊन बसले होते आणि मला ते तिसरीत कळले.

मराठी, हिंदी, संस्कृत विषयांचे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : सीव्ही जुन्या फॉन्टमध्ये टंकून तशीच वर्डची फाईल पाठवू नका. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि आपल्या पंधरा वर्षांच्या कामाच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये टंका आणि पीडीएफ करूनच पाठवा.

रानजाई (नाशिक) :

खडूफळा सर आणि मॅडम, मनापासून आभार. काल रात्री बसून सर्व आदेश तारखेनुसार लावले. माझी चार शैक्षणिक वर्षे मोजून तेहतीस महिने भरली, म्हणजे तीन वर्षांनाही तीन महिने कमी. आठ गुणांची आशा साडेपाचवर आली, पण मुलाखतीच्या टेबलावर हे कळण्यापेक्षा घरी कळले ते बरे. नऊ पानांची चार पाने झाली आहेत आणि उंची व रक्तगट दोन्ही गेले. पोस्ट-डॉकच्या अर्जाबद्दल मात्र अजून संभ्रम आहे. तिथे तर गुणांकनाचा तक्ताच नाही.

अंजनेरीचा_ढग :

तक्ता नसतो हाच मुख्य फरक आहे, रानजाई, आणि म्हणूनच दोन सीव्ही वेगळे करावे लागतील. मी नाशिकचाच असून सध्या जर्मनीत पोस्ट-डॉक करतो आहे. इथे येण्यापूर्वी पाठवलेल्या पहिल्या दहा-बारा अर्जांना साधे उत्तरही आले नाही, कारण मी महाविद्यालयासाठीचा सीव्हीच इंग्रजीत करून पाठवत होतो.

तिकडे तुमचा अर्ज बहुधा एकच व्यक्ती वाचते, ती म्हणजे प्रयोगशाळेची प्रमुख, आणि तिच्या मनात एकच प्रश्न असतो : माझ्या प्रकल्पातील अमुक काम या व्यक्तीला जमेल का? तुमचे दहावी-बारावीचे गुण, सेट, जातप्रवर्ग, वडिलांचे नाव यांचा तिला काहीच उपयोग नाही. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म यांपैकी काहीही मागितल्याशिवाय लिहू नये. ब्रिटन आणि अमेरिकेत तर भेदभावाचा प्रश्न नको म्हणून हा मजकूर नसलेलाच बरा मानतात. ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे’ हे प्रतिज्ञापन आणि त्याखालची सही हा आपल्याकडचा संस्कार आहे. तिथे तो काढून टाका.

त्याऐवजी संशोधनाच्या भागाला जागा द्या. तुम्ही तीन हंगाम बागांत फिरून नमुने गोळा केले, ही गोष्ट महाविद्यालयाच्या सीव्हीत एका ओळीत जाईल, पण इथे ती तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा तुमचा केवड्याचा रोगकारक जिवंत वनस्पतीवरच वाढतो, तो नुसत्या पोषकमाध्यमावर वाढवता येत नाही, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा तुम्ही त्याचे नमुने कसे जगवले, किती बागांतून किती नमुने घेतले, कोणती तंत्रे स्वतःच्या हाताने वापरली आणि कोणती दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतली, हे नेमके लिहा. ‘आण्विक जीवशास्त्राचे ज्ञान’ असे लिहून भागत नाही. पीसीआर स्वतः केले असेल तर तसे लिहा, आणि डीएनएचे अनुक्रमनिर्धारण (सिक्वेन्सिंग) बाहेरून करून घेतले असेल तर तेही तसेच लिहा. मुलाखत बहुतेक वेळा व्हिडिओवर होते आणि दुसऱ्याच प्रश्नाला हे उघडे पडते.

निबंध दोनच आहेत म्हणून खट्टू होऊ नका. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला यावरून, संशोधकाचे मूल्यमापन करू नये, अशी भूमिका २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात घेतलेली आहे, आणि त्यावर सही करणाऱ्या संस्थांच्या अर्जांत आता ‘तुमच्या निबंधाचे महत्त्व स्वतःच्या शब्दांत सांगा’ अशा रकान्यांची भर पडते आहे. प्रत्येक निबंधाखाली त्यातील तुमचा स्वतःचा वाटा एका वाक्यात लिहिलात तर ते काम आधीच झालेले असेल. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकांना मिळणारा, सोळा अंकी ओळखक्रमांक नसेल तर आजच काढा. तो मोफत आहे, आणि मॅडमनी वर जी दोन नावांची अडचण सांगितली, तीही त्याने बरीच सुटते, कारण तिथे जुने नाव नोंदवता येते.

शिफारसपत्र देणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची नावे, हुद्दा आणि संस्थेचा ई-मेल सीव्हीच्या शेवटी द्या, पण आधी त्यांना विचारा. आपल्याकडे मार्गदर्शक म्हणतात, ‘‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो.’’ हे पत्र तिकडे लगेच ओळखू येते, कारण त्यात कामाबद्दल काही नसते, नुसती विशेषणे असतात. सरांना भेटून तुमच्या प्रबंधातील दोन नेमके प्रसंग आठवून द्या आणि पत्र त्यांनाच लिहू द्या.

खंडाबद्दल एक चांगली बातमी. मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी पोस्ट-डॉक शिष्यवृत्तीला पीएच.डी.नंतर संशोधनाच्या अनुभवाची आठ वर्षांची मर्यादा आहे, पण संशोधनाबाहेर गेलेला काळ त्यातून वजा होतो. आपल्याकडेही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना स्त्री संशोधकांसाठी आहे आणि मध्ये खंड पडलेल्यांनाही ती संधी देते. तेव्हा ते वर्ष लपवले तर तुमचेच नुकसान आहे.

दप्तरी :

मी एका महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात काम करतो, म्हणून फक्त कागदांबद्दल लिहितो.

सीव्हीतील प्रत्येक ओळीच्या उजवीकडे जोडपत्राचा क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहावा. आमच्याकडे एका पदाला शेकड्याने अर्ज आले की कोणाचे कोणते प्रमाणपत्र कुठे आहे हे शोधत बसायला माणूस नसतो. जे समोर दिसते त्याचे गुण पडतात आणि जे दिसत नाही त्याचे पडत नाहीत. जातवैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र सीव्हीत वर्णन करण्याच्या गोष्टी नव्हेत, पण ती जोडपत्रांत हवीत, आणि नॉन-क्रिमीलेअर मुदतीतले हवे. अर्जाची शेवटची तारीख ‘पोहोचण्याची’ आहे की ‘टपालात टाकण्याची’, हे जाहिरातीत पाहावे. दरवर्षी पाच-सहा उत्तम अर्ज आमच्याकडे या एका शब्दामुळे बाजूला पडतात, आणि ते बाजूला ठेवताना मलाच वाईट वाटते.

वर तासिका अनुभवाबद्दल जे लिहिले आहे ते मुलाखतीच्या यादीपुरते खरे आहे. पुढे रुजू झाल्यावर मागील सेवा पदोन्नतीसाठी धरायची की नाही, याच्या अटी २०१८ च्या नियमावलीत स्वतंत्र आहेत. तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेला आवश्यक पात्रता, रीतसर निवड समिती आणि नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसलेले एकूण वेतन, अशा अटी आहेत, आणि तासिकेच्या मानधनावर शेवटची अट पुरी होणे अवघड आहे. तेव्हा यादीत मिळालेले गुण म्हणजे सेवा धरली गेली, असे समजू नये.

रानजाई (नाशिक) :

सर्वांचे पुन्हा आभार. महाविद्यालयाच्या सीव्हीचा सुरुवातीचा भाग असा केला आहे, कृपया पाहावे :

‘पीएच.डी. (वनस्पतिशास्त्र), सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. प्रबंध : नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांतील केवडा रोगाच्या रोगकारकाचा हंगामनिहाय अभ्यास. (जोडपत्र ४)
सेट, वनस्पतिशास्त्र. (जोडपत्र ५)
अध्यापन : सहायक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर), दोन महाविद्यालये, एकूण ३३ महिने, आदेशनिहाय तपशील पृष्ठ २ वर. (जोडपत्रे ६ ते ९)
खंड : १२ महिने, कौटुंबिक वैद्यकीय कारणास्तव.
शोधनिबंध : समकक्ष परीक्षित २, त्यांपैकी १ मध्ये प्रथम लेखक. (जोडपत्रे १० व ११)’

खडूफळा :

आता वाचता येते. पीएच.डी.च्या ओळीत अधिसूचनेचा दिनांक राहिला आहे आणि सेटच्या ओळीत परीक्षेचा महिना व वर्ष. तेवढे भरावे, आणि जोडपत्र ४ मध्ये पदवी प्रमाणपत्राबरोबर ती अधिसूचनाही लावावी.

दप्तरी :

आणि जोडपत्रांना टाचणी नको, पंचिंग करून फाईलला लावा. टाचणीचे कागद आमच्याकडे हमखास सुटे होतात.

रानजाई (नाशिक) :

तारखा भरल्या. पंच शेजारच्या काकांकडून आणला आहे. उद्या सकाळी अशोक स्तंभावरून झेरॉक्स काढून अर्ज स्वतः नेऊन देते आणि पोच घेते.